अबला

पहिल्या रविवारी
(इथे आठवडा रविवारीच उघडतो,
हे डोक्याला दोन दिवसांत कळलं, अंगाला महिना लागला)
जहरामधल्या त्या पिवळ्या शाळेत
तेवीस लेकरं एकदम ओरडली :
अबला! अबला!

मी गंगाखेडची. एक एसटी, एक रेल्वे, एक विमान,
बी.एड.ला पहिला वर्ग, नव्या सँडलनं सोललेली टाच.
मनात म्हटलं, इतक्यात कसं ओळखलं यांनी?
मग इजिप्तच्या सुआदबाईंनी समजावलं,
अबला म्हणजे बाई. शाळेतली बाई.
थोरल्या बहिणीलाही म्हणतात काही जण.
मला हसू फुटलं,
पण ते वाटून घ्यायला त्या इमारतीत
मराठी कुणालाच येत नव्हती.

हजेरीत दलाल होती. पाच वर्षांची,
पुढचे दोन दात पडलेले, कसलाच व्यवहार न जमणारी.
शहद होती, तिची पेन्सिल कायम तोंडात.
आणि मिशारी. तो बोलायचाच नाही.
अरबीतही नाही, असं सुआदबाई म्हणाल्या,
म्हणजे तुमचा दोष नाही.

"धिस इज अ चेअर," मी खुर्ची उचलून म्हणायची.
"कुर्सी," सगळी मिळून सांगायची,
माझं काहीतरी चुकल्यासारखी, समजुतीनं.
सोप दाखवला : साबून.
शॉपचं चित्र दाखवलं : दुक्कान.
खुर्ची, साबण, दुकान
माझ्या ओठांपर्यंत येऊन परत जायचे.
करारात लिहिलं होतं, वर्गात फक्त इंग्रजी.
एकाच गल्लीतली माणसं लग्नात भेटावीत
आणि पाहुण्यांसमोर ओळख दाखवू नये,
तसं चाललं होतं आमचं.

पुस्तकात एस म्हणजे स्नोमॅन.
त्यांनी पाहिला नव्हता. मीही नाही.
दलालनं विचारलं, आईस्क्रीम?
मी म्हटलं, येस. जवळपास.
बाहेर धुळीनं खिडकी नारिंगी झालेली,
सकाळी अकराला ट्यूबलाइट लावून
आम्ही तेवीस पांढरे गोल रंगवले, पांढऱ्यानंच.

प त्यांच्याकडे नाही.
पेनचं बेन, पेपरचं बेबर.
मी कागदाच्या पट्ट्या कापल्या, ओठांसमोर धरायच्या.
प म्हटलं की पट्टी उडते. ब म्हटलं की ढिम्म.
तेवीस पट्ट्या. फुंकर सगळ्यांनी मारली,
काहींनी थुंकीसकट,
प कुणीच म्हटलं नाही.
माझं इस्कूल घासून स्कूल करायला
लहाने सरांना पाचवीचं अख्खं वर्ष लागलं होतं.
पट्टी तेव्हाही होती. लाकडाची.

आई फोनवर गावाचं नाव घेत नाही, "तिकडं" म्हणते.
जहरा या शब्दात तिला दुसरंच काही ऐकू येतं.
"लेकरं काय म्हणत्यात गं तुला?"
अबला, मी म्हटलं.
बराच वेळ नुसती खरखर.
"अन् तू ऐकून घेतीस?"

सातव्या आठवड्यातला गुरुवार. वर्ग रिकामा,
बस लागलेली, टेबलाखाली मिशारी.
जमिनीवर पडलेल्या पट्ट्या गोळा करून
त्यानं एकीवर एक ठेवल्या होत्या, नोटांसारख्या.
त्यातली एक त्यानं माझ्या ओठांसमोर धरली.
स्वतःच्या नाही, माझ्या.
प, मी म्हटलं. उडाली.
पुन्हा धरली. प. पुन्हा उडाली.
मग स्वतःसमोर धरून, घसा साफ करून,
सात आठवड्यांत पहिल्यांदा :
ब.
ढिम्म.
ब.
ढिम्म.
मग माझ्याकडे बघत बघत, अगदी गंभीर चेहऱ्यानं,
त्यानं पट्टीला खालून बोटानं टिचकी मारली.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
व्हेरी गुड, मी म्हटलं.
काय करणार,
उडाली होती.