हजेरी

टिंबर मार्केटच्या मागे आमची आरोग्य कोठी.
दहा बाय बारा, एक खिळा, खिळ्याला वही.
सहाला उघडायची, सव्वासहाला मिटायची.
पंधरा मिनिटांचा हा दरवाजा
गेल्या श्रावणापासून माझ्या हातात आहे.
त्याआधी अकरा वर्षं या हातात झाडू होता.

रंजना आल्हाट नवव्यांदा उशिरा आली.
"बस चुकली," म्हणाली.
तिच्या घरून कोठीकडे बसच येत नाही,
हे मला ठाऊक, तिला ठाऊक,
वहीवर बसलेल्या माशीलाही ठाऊक.
मी लाल रेघ ओढली.
रेघ सरळ आली. मला बरं वाटलं,
हेही इथे लिहून ठेवतो.

दहाव्या दिवशी मला दयेचा झटका आला.
अंधारातच तिचं बीट मी झाडून काढलं:
लाकडाचा भुसा, चहाचे कागदी कप,
कुणाची तरी एक चप्पल,
पार सेव्हन लव्हज चौकापर्यंत.
वाटलं, येईल, बघेल, तिचे डोळे भरतील.
ती आली. बघितलं.
झाडू भिंतीला टेकवला.
"माझं काम काढून घेतलं का?"
"नाही, मी आपलं..."
"मग विचारायचं होतं, मुकादम."

विचारायचं होतं.
मला वाटत होतं, नऊ दिवस
मी दुसरं काय करतोय?
"उशीर का?" म्हणताना
माझं पेन उघडंच असायचं.

घरी थोरली निकालापासून गप्प.
"काय झालं? कधीपासून? कुणी बोललं का काही?"
अर्ध्या ताटावरून उठत ती म्हणाली,
"पप्पा, हजेरी नका घेऊ."

दुसऱ्या दिवशी पेनाला टोपण लावलं.
दोन कटिंग आणले,
ढकलगाडीच्या कडेवर रंजनाताईंच्या शेजारी बसलो.
बोललो नाही.
किती अवघड असतं ते!
जीभ सारखी दाराशी येऊन उभी राहते.
समोर ट्रकमधून सागवान उतरत होतं,
आम्ही दोघं ओंडके मोजत राहिलो.
चहावर साय धरली.
एकतिसाव्या ओंडक्याला ती म्हणाली,
"घरात एक माणूस आहे.
त्याला कूस बदलायला दुसरा माणूस लागतो.
पहाटेची कूस सहाची."

कोण, ते तिने सांगितलं नाही.
मी विचारलं, "काय केलं तर जमेल?"
"पाऊण तास. दुपारी भरून देईन."
"बाकीच्यांना सांगू?"
जरा थांबून म्हणाली, "कूस नका सांगू. वेळ सांगा."

सगळ्यांपुढे वेळ मांडली.
शिवराम खुडे मागून बोलले,
"आणि माझा गुडघा? तो काय परक्याचा आहे?"
कोठी हसली. मीही हसलो.
मग हसू विरलं, गुडघा तिथेच राहिला,
सुजलेला, पायजम्यातून दिसणारा.
दोन वर्षं रोज मी तो बघत होतो
आणि समोर 'हजर' लिहीत होतो.

वहीला सहा रकाने.
कूस कुठल्यात घालायची, गुडघा कुठल्यात?
एकीला दिलं तर दुसऱ्याचं काय,
या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.
सोमवारी वॉर्डात साहेबांकडे जायचंय.
त्यांचंही पेन उघडं असणार.
म्हणून आधी म्हणेन, साहेब, चहा घेऊ या.
घेतील, न घेतील.

काल रात्री थोरलीच्या शेजारी बसलो.
ती शेंगा सोलत होती, मीही सोलू लागलो.
टीव्ही बंद, पंखा चालू.
बऱ्याच वेळाने तिने
टरफलांची परात माझ्याकडे सरकवली,
माझीही टरफलं त्यातच पडावीत म्हणून.

तूर्त एवढंच.
पेन खिशात आहे. टोपण लावलेलं.