छेदस्थानी

सक्करदऱ्यात, चक्कीच्या वरच्या मजल्यावर माझा क्लास.
खाली ज्वारी दळली जाते, वर सरासरी.
एप्रिल. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास,
आणि फळ्यावर माझ्याच अक्षरातली कंपनी:
एकूण कर्मचारी आठशे चाळीस,
पुरुष आणि स्त्रिया पाचास दोन,
स्त्रियांपैकी पस्तीस टक्के कंत्राटी.
तर कायम स्त्रिया किती?
वेळ चाळीस सेकंद.

वीस वर्षं मी अशा कंपन्या काढतो आहे.
सकाळी उघडतो, दुपारी डस्टरने बंद करतो,
कुणाला नोटीस द्यावी लागत नाही.
माझ्या कामगारांना डबा नसतो, साप्ताहिक सुटी नसते,
फक्त पूर्णांकात यावं लागतं.
साडेत्र्याऐंशी बाया निघाल्या
तर मी आकडा बदलतो,
बाई कापत नाही.

“एकशे छप्पन्न,” सुगंधा बोरकुटे म्हणाली.
पेन उचललंही नव्हतं. बावीस सेकंद.
बरोबर, म्हणत मी पुढच्या कंपनीकडे वळलो.
ती वळली नाही.

“सर, एक घरचं गणित हाये.
वीस टक्के कापले, मंग वीस टक्के वाढवले,
त बराबर होते का जी?”

पोरं हसली. हे तर पहिल्याच आठवड्यातलं.
शंभराचे ऐंशी, ऐंशीचे शहाण्णव.
घेताना शंभरावर, देताना ऐंशीवर.
दरवर्षी मी हे खडूचा तुकडा उडवत शिकवतो:
बघा, चार कसे पळाले!

तिची आई हिंगण्याला एमआयडीसीत
डब्यांना झाकणं बसवते. कंत्राटावर.
रोज चारशे पन्नास होता.
माल उठत नाही म्हणून तीनशे साठ झाला.
मग दिवाळीला सुपरवायझर पेढे घेऊन आला,
जेवढे टक्के घेतले तेवढे परत, म्हणाला.
बायांनी टाळ्या वाजवल्या.
चारशे बत्तीस.

मी खडू तिच्या हातात दिला.
अठरा रुपये रोज,
सव्वीस हजेऱ्या,
चारशे अडुसष्ट.
“म्हंजे महिन्यातून एक दिवस आई फुकट जाते,”
ती फळ्याकडेच बघत होती,
“अन् वरून अठरा रुपये देऊन येते.”

खाली चक्कीवाल्याने पट्टा बदलायला मोटार बंद केली.
“आईला सांगितलंस?”
“सांगतलं. ते म्हंते, टक्के त तेवढेच हायेत ना.”

कुणी हसलं नाही.
मी डस्टर उचललं आणि पुन्हा ठेवलं.
नफा-तोटा घेऊ, म्हणालो. पान एकोणचाळीस.

माझ्या जिन्यात एक फ्लेक्स आहे.
यंदाचा निकाल ब्याण्णव टक्के,
खाली गुलाल लावलेले चेहरे.
पंचविसातले तेवीस, खोटं काहीच नाही.
पंचवीस म्हणजे शेवटच्या चाचणीनंतर
ज्यांना मी माझे म्हटलं, ते.
फी एकशे पंधरा जणांनी भरली होती.

क्लास सुटल्यावर ती जिन्यात थांबली,
चपलेचा अंगठा तुटला होता बहुतेक,
किंवा फ्लेक्स वाचत होती.
वरून फक्त तिची वेणी दिसत होती.
मला उगाच घाम फुटला, कूलर चालू असताना.

रात्री तर्री पोहे घेऊन टपरीवर उभा होतो.
पोहेवाल्याने मापाचा डाव हलवून भरला,
म्हणजे कमी भरला.
पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं:
एका क्लासमध्ये एकशे पंधरा विद्यार्थी होते.
तेवीस पास झाले.
शिक्षकाने ब्याण्णव टक्के कसे काढले?
वेळ लिहिली नाही.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
“सर, पर्याय?”