एक पायरी खाली

नियमच होता तसा :
लेखनिक एक इयत्ता खालचा हवा.
म्हणून नववीतली मी
दहावीच्या आदगोंडा मगदूमचा
उजवा हात झाले, सात पेपरांपुरती.

तो हुपरीहून सकाळच्या एसटीनं यायचा.
घरी चांदीचं काम.
पैंजण हलवून सांगायचा म्हणे
कितवं घुंगरू मुकं आहे.

खोली दिली ती जिन्याखालची.
लेझमांचा ढीग, फुटका ढोल,
एक बाक आणि भिंतीला पाठ लावून बसलेले सर.
"तुमच्या बोलण्याचा बाकीच्यांना त्रास नको."
आदगोंडा म्हणाला, "आन् जिन्याचा आमाला?"
वरून तेव्हाच कुणीतरी दडदडत उतरलं.

पहिला पेपर मराठीचा.
सुरुवातीला तो अक्षर न् अक्षर सांगायचा :
जीवन, जला दुसरी.
स्थिती, पहिली मग दुसरी.
बोटं बाकावर टोचल्यासारखी चालायची.
मग निबंध आला, वेळ पळायला लागली,
आणि त्यानं शब्द सोडून दिले माझ्या भरवशावर
जशी पोरं पंचगंगेत डोळे झाकून उडी टाकतात.

निबंधात 'परीक्षा' अकरा वेळा आली.
अकराव्या वेळी तो थांबला.
"परीक्षेतली री दुसरी काढलीस न्हवं?"
मी पानाकडे बघितलं.
पहिली. पहिली. पहिली.
अकराच्या अकरा.
"होय," म्हणाले.

चौथा प्रश्न : चित्राचे निरीक्षण करून लिहा.
"काय हाय चित्रात?"
मी सरांकडे बघितलं.
सर म्हणाले, प्रश्न वाचायचा, चित्र नाही.
विहीर होती चित्रात. रहाट, दोन बायका,
एकीची घागर कलंडलेली.
चार वाक्यं, चार गुण.
मी जीभ दाताखाली धरून बसले.
"सोड जागा," तो म्हणाला.
मी चार ओळी कोऱ्या सोडल्या.

दोनला घंटा झाली.
बाहेर पोरांचा कालवा,
कुणी रंकाळ्यावर भेळ खायला निघालेलं.
सरांनी पिशवी उचलली,
"चला, आटपा. मला राधानगरीची गाडी गाठायचीय."
आदगोंडानं मनगट वर घेतलं,
घड्याळाची काच टिचकीनं उघडली,
काट्यांवरून बोट फिरवलं,
एखाद्या आजाऱ्याची नाडी बघावी तसं.
"सर, अजून अठ्ठावन्न मिनिटं हायती माझी."
सर बसले.
पिशवी मांडीवरच ठेवून बसले.
त्यानंतर दर वाक्याला तो घाई करत गेला,
कुणी काही म्हणत नसताना.
आणि तेरा मिनिटं उरली असताना
"बास," म्हणाला, "जाऊ दे त्यांची गाडी चुकंल."

स्टँडवर हुपरीची गाडी लागेपर्यंत
त्यानं प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर
टोच्यानं चार ठिपके पाडले,
कागद उलटला, माझं बोट धरून ठेवलं.
"ही पहिली वेलांटी. ही दुसरी.
दोन ठिपके हितं, तेच दोन तिथं,
तिरकी जोडी तीच. फकस्त
एक पायरी खाली."

तेव्हा सांगायला हवं होतं.
गाडी लागली.

मराठीत त्याला एकाहत्तर पडले.
कोऱ्या चार ओळी चित्राच्या,
तेरा मिनिटं राधानगरीची,
बाकी किती माझे, ते तपासणाऱ्याला कुठून कळणार?
उत्तरपत्रिकेवर लेखनिकाची सही होती,
लेखनिकाच्या चुकांना रकाना नव्हता.

आता मी पापाची तिकटीजवळ
लग्नपत्रिका जुळवते संगणकावर.
मालक म्हणतात, पोरगी वेलांटीला फार अडते,
गिऱ्हाईक ताटकळतं.
ताटकळू दे.
मी डोळे मिटते,
तर्जनी टेबलावर टेकवते,
आणि खाली सरकवते.