डावा आरसा

महूच्या एका निवृत्त मेजरच्या शेडमधून तिला आणलं
तेव्हा आरसा एकच होता, उजवा,
तोही स्कूटरचा, तारेनं आवळलेला.
डावीकडे काही नव्हतं.
डावीकडे शैला होती.

सव्वीस वर्षं मान वळवून ती सांगत आली :
थांब. टेम्पो आहे. अजून आहे. गेला. घे.
गाडीला छप्पर नाही, दार गुडघ्याएवढं,
तिचा अर्धा शब्द वारा न्यायचा.
उरलेल्या अर्ध्यावर मी पलासिया चौक ओलांडायचो.
कधी शब्दच नाही, नुसता हात माझ्या मांडीवर :
म्हणजे नको.

या चैत्रात तिच्या मानेला पट्टा आला.
डॉक्टर खिरवडकर म्हणाले, आता मागं बघणं बंद.
तिनं माझ्याकडे बोट केलं,
म्हणाली, हे यांना सांगा.

सियागंजात हातिमभाईंनी वर्तमानपत्र पसरून
त्यावर आरसे मांडले, मासळी मांडावी तसे.
एक बंदुकीच्या गोळीसारखा, निमुळता,
दिसायला देखणा आणि काच एवढीशी, पेढ्याएवढी.
एक चौकोनी. एक बसचा, उगीच आला होता.
सपाट काचेत असतं तेवढं दिसतं, पण थोडंच.
फुगीर काचेत सगळं मावतं, पण लांब गेलेलं.
हातिमभाई चष्म्यावरून बघत म्हणाले,
"थोड़ा सच दूँ, साहब, या पूरा झूठ?"
मी विचारात पडलो.
शैलानं काचेकडे बघितलंच नाही.
एकेक उचलून पाठ बघितली, दांडा बघितला.
"हा गोल घे," म्हणाली, "याची मान आखूड आहे."
तो फुगीर निघाला.

छोटी ग्वालटोलीत गेंदालाल ड्रिलला हात लावेना.
पुढच्या मडगार्डवर लावला तर नजरेत राहील, पण थरथरेल.
दारावर लावला तर बाईजींच्या खांद्याआड जाईल.
"बैठो बाईजी. आपके बिना नाप झूठा."
मग पुठ्ठ्याची चकती, मागं कणकेचा गोळा,
ती इकडे चिकटव, तिकडे चिकटव,
मी सीटवर बसून, एक डोळा मिटून : पुढं. अजून. जरा खाली.
तीन कप चहा झाले.
भोक एकदा पडलं की पडलं.
सव्वीस वर्षं या पत्र्याला मी ओरखडा येऊ दिला नव्हता.

ड्रिल घसरू नये म्हणून चिकटपट्टी हवी होती, ती संपलेली.
शैलानं कपाळावरची टिकली काढली
आणि पेन्सिलच्या खुणेवर लावली.
गेंदालालनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे,
आणि टिकलीच्या बरोब्बर मधून आत गेला.
हिरव्याखालून पांढरा रंग निघाला, पांढऱ्याखालून शेंदरी,
मग कुणी न बघितलेलं पत्रं, चकचकीत, गरम.
जुनी ट्यूब कापून वायसर केला. नट आवळला.

राऊच्या रस्त्याला आरसा थरथरला,
एका ट्रकचे दोन ट्रक.
परत येऊन दुसरा वायसर घातला,
मग ट्रक एक झाला.
मला वाटलं होतं त्यात काही गेलेले दिवस वगैरे दिसतील.
तसलं काही नाही. ट्रक होता, त्याच्यामागं ऊस.

"तुला काय दिसतं?" मी ओरडलो.
"मी," ती ओरडली.
"पट्टा घातलेली मी. कडेला थोडं आभाळ."
"फिरवू का जरा?"
"नको. तुझा रस्ता जाईल."

महू नाक्याला डावीकडे वळायचं होतं.
आरशात दुधाचा टँकर, खेळण्याएवढा,
कुठल्या कुठं लांब.
मी हँडल वळवणार
तोच मांडीवर हात आला.

टँकर अगदी खेटून गेला. कोपराला त्याची गरम हवा लागली.

"दिसला कसा तुला?"
"ऐकला," म्हणाली.
आणि, "समोर बघ."