सेक्टर सतरा, दुसरा मजला

रबाळ्याच्या कंपनीत एकतीस वर्षं
प्रेशर गेज तपासले मी.
काटा लाल रेघेशी आला की हाताला आधी कळायचं.
घरात कळलं नाही.

आधी कांदा-लसूण गेला. बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.
पहाटे उठून उदबत्ती लावायचीस,
तुझी आई शेजारी कौतुकाने सांगायची.
मग मैत्रिणी गेल्या. मग पगार.
मग नाव.
फोनवर कुणी म्हणालं, 'निरंजनाताई सेवेत आहेत,'
आणि मी म्हणालो, राँग नंबर.

शर्वाणी,
तुझ्या आत्याने कानात कुर्र केलं तेव्हा
तू शिंकली होतीस.

देव आपल्याकडेही आहे गं,
फ्रिजशेजारच्या फळीवर.
कुणाशी बोललीस, किती वेळ,
त्याने कधी वहीत लिहायला लावलं नाही.

दर शनिवारी कोपरखैरण्याला येतो.
खाली टायरचं दुकान, वर तुमचं केंद्र.
दारावरचा मुलगा नम्र आहे. पाणी देतो.
आत सोडत नाही.
मी चपला बघतो.
डाव्या अंगठ्याला मी घातलेले तीन टाके, काळा दोरा.
म्हणजे आहेस.

मागच्या शनिवारी गुडघा धरून वाकलो
आणि तुझ्या चपलांची तोंडं
जिन्याकडे वळवून ठेवली.
मुलाने पाहिलं. बोलला नाही काही.

त्याच्याही असतील
त्या ढिगात कुठेतरी.