शेरा, कमाल चाळीस अक्षरे

आमडीटोल्याचा आराखडा माझ्याकडे आला
तेव्हा तो जवळपास भरलेलाच होता,
कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्याचा उचलून चिकटवलेला.
धोक्यांच्या यादीत राहून गेलेलं एक चक्रीवादळ,
आणि समुद्रकिनारा.
वैनगंगेपासून समुद्र किती, मी मोजलं नाही.
खोडला आणि निघाले.

तक्ता सोपा आहे.
पूर, वीज, उष्माघात, गारपीट, वणवा, सर्पदंश.
वारंवारता एक ते पाच, तीव्रता एक ते पाच,
गुणाकार करायचा, रंग भरायचा.
एकविसाच्या पुढे लाल.

कोतवाल दसरू नान्हे सोबत होता,
सायकल असूनही चालत.
वीज? मी विचारलं.
"मोहाखाली पडते. दोनदा पडली.
बुगाबाईची म्हैस गेली, मंग सून."
हा क्रम असाच का, ते मी विचारलं नाही.
"पन बाया मोहाखालीच जातीन ना मॅडम,
फुलं काय शाळेत पडतेत?"
तीव्रता पाच.
वारंवारता मी पेन्सिलीनं लिहिली.

ऊन, मी म्हटलं.
"ऊनबी लिवता?"
तो पहिल्यांदा हसला.

शाळेच्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
निळ्या तेलरंगातली, माझ्या हनुवटीइतकी.
रेघेखाली पोरांनी खडूनं मासे काढलेत,
वर सूर्य,
आणि एक बकरी, नेमकी रेघेवर उभी.
रकाना नऊ: सुरक्षित निवारा.
त्यात आधीच छापून आलंय: जि. प. शाळा.
बाण दाबला की यादी उघडते,
शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय.
'इतर' नाही.

मग त्या वर्षी तुम्ही गेलात कुठं?
दसरूनं बोट केलं नाही, नुसती मान वळवली.
टेकाड. चार खांब, वर पत्रे.
"मसनात."

धरणाचं पाणी मागं मागं येत घाटावर चढलं
तेव्हा मसण टेकाडावर नेलं.
ठराव झाला, निधी आला, शेड झालं.
गावाची फाईल अजून नागपुरात आहे.
मेलेल्यांचं पुनर्वसन आधी झालं,
असं मी म्हणणार होते.
तो म्हणाला नाही, म्हणून मीही नाही.

"तीन दिस राह्यलो. एकशे बारा मानसं,
बकऱ्या निराळ्या.
सरपन होतंच रचलेलं.
झिंगरू बुढा आता जाते, मंग जाते, म्हनून आनलं होतं.
बुढ्यानं त्याच सरपनावरची खिचडी
दोनदा मांगून खाल्ली."
झिंगरू बुढा आता कुठंय?
"तो काय, पारावर. आयकू येत नाई त्याले."

आम्ही टेकाड चढलो.
दुपारी तीनला, कोरड्या वाटेवर,
मला दोनदा हात टेकावे लागले.
अर्ध्यावर एक पळस आहे, त्याच्याशी दसरू थांबला.
कोवे मास्तरची माय इथं घसरली,
अंधारात, पाठीवर नातू.
नातू लागला नाही.
"पुरानं नाई गेली ते," दसरू म्हणाला,
"म्हनून तुमच्या कागदात नाई."

वरून नदी दिसते. उन्हात पांगलेली, निरुपद्रवी,
म्हशी गुडघाभर पाण्यात.
शेडच्या खांबाला कुणीतरी
दोरीचा पाळणा बांधला होता, त्याच्या गाठी अजून आहेत.
कुणाचं बाळ, ते दसरूला आठवेना.

तहसीलला परतून रकाने भरले.
पूर: पाच गुणिले चार. वीस. नारिंगी.
एक ते पाचच्या गुणाकारात
वीसनंतर थेट पंचवीसच येतो,
हे मला तेव्हा कळलं.
रकाना नऊ होता तसाच. शाळा.

शेवटी शेरा.
मी लिहिलं:
मसणवाटेला चार दिवे, हाताला धरायला कठडा

संगणक काना-मात्राही वेगळी मोजतो.
तरी अडतीसच झाली.
दोन उरली, त्यात काही बसत नव्हतं.
पूर्णविराम दिला नाही.