चाळीस मिनिटांचा हिशेब

गुरुवारी ऑल्टन ड्युबोसने एकशे चाळीस मिनिटंच व्यायाम केला.
नियम एकशे ऐंशीचा.
मधली चाळीस कुठे गेली
हे आज पाचच्या आत मला लिहून द्यायचंय.

माझं काम तेवढंच. टस्कलूसाच्या या पुनर्वसन रुग्णालयात
तळमजल्यावर, औषधांच्या फ्रिजशेजारी माझं टेबल.
आधी सोळा वर्षं वॉर्डात होते, माणसं उचलून बसवायचे.
आता कागद उचलून बसवते.
पाठ तेव्हाइतकीच दुखते.

नवी तपासणी लागू झाली तेव्हा वरून एक बाई आली होती,
मऊ आवाजाची, निळ्या फाइली घेऊन.
आता एखाददुसरा नाही, म्हणाली, मेडिकेअरचा प्रत्येक दावा बघणार,
पैसे देण्याआधी किंवा दिल्यानंतर.
निवड तुमची.
मागच्या रांगेतून केतुरा म्हणाली,
सुरी डावीकडून की उजवीकडून, एवढंच ना?
कोणी हसलं नाही.
डोनट मात्र संपले.

ऑल्टन तेहतीस वर्षं टगबोट चालवायचा,
आठ-आठ बार्ज एकत्र बांधून, कोळशाने भरलेल्या,
धुक्यात, वळणावर, नुसत्या कानांनी.
मेंदूत एक गाठ अडकली
आणि उजवा हात पडून राहिला
दोर बांधून विसरलेल्या होडीसारखा.
पहिल्या आठवड्यात चमचा. मग शर्टाचं एक बटण.
मग एक शब्द, जो आम्ही तीन दिवस ‘रिबन’ समजत होतो,
केतुराने तर लाल रिबन आणूनही दिली.
तो ‘रिव्हर’ म्हणत होता.

तर गुरुवार. दोन वाजून दहा मिनिटं.
व्यायामाच्या हॉलची खिडकी नदीवर उघडते.
खालून एक टगबोट चालली होती, सहा बार्ज, रिकाम्या, उंच तरंगत.
ऑल्टन खुर्चीतून उठला.
कोणी उठ म्हटलं नव्हतं, कमरेच्या पट्ट्याला कोणाचा हात नव्हता.
खिडकीची कड धरून अकरा मिनिटं उभा,
आणि उजव्या हाताची दोन बोटं
काहीतरी हळूच मागे ओढत होती.
केतुरा म्हणते, मी घड्याळाला हातच लावला नाही,
श्वाससुद्धा बेतानेच घेतला.
मग बोट वळणाआड गेली. तो बसला.
उरलेली एकोणतीस मिनिटं रडला,
आणि कोणी समजावलं तरी समांतर दांड्यांकडे गेला नाही.

माझ्यासमोरच्या पडद्यावर चार पर्याय आहेत:
थकवा. वेदना. तपासणीसाठी बाहेर. नकार.

मी खालच्या रकान्यात लिहिलं: रुग्ण नदी बघत होता.
वाचलं. खोडलं.
मार्चमध्ये श्रीमती स्ट्राउड यांचं पत्र याच टेबलावर आलं होतं,
त्या चालत घरी गेल्यानंतर सात आठवड्यांनी:
कमी तीव्रतेच्या ठिकाणीही भागलं असतं.
डॉक्टर हॅगलंडनी सहीखाली वेळ घातली नव्हती, तेही एक कारण.
मी त्या पत्र लिहिणारीला वाईट म्हणत नाही.
तिलाही दिवसाला इतक्या फाइली असणार,
तिच्याही खिडकीबाहेर काहीतरी असेल,
किंवा खिडकीच नसेल.

पुन्हा लिहिलं: अकरा मिनिटं, आधाराशिवाय, उभा.
हे खरं आहे आणि कामाचंही आहे.
पण योजनेत नव्हतं, म्हणून मिनिटांत धरता येत नाही.
एकोणतीस मिनिटांपुढे ‘थकवा’ निवडलं.
तेही तसं खोटं नाही.

चार बावन्न. फोन वाजला. लोरीन ड्युबोस.
अठरा तारखेला घरी सोडणार ना नक्की?
पायऱ्यांवर उतार करायचाय, दीर लाकडाच्या वखारीत उभा आहे,
घेऊ का म्हणून विचारतोय,
लाकूड परत घेत नाहीत ते.

मी कॅलेंडर बघितलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
घ्या, म्हटलं.
जरा रुंद घ्या.